सायकलवर कामाला जायचंय? सांगली-मिरज-कुपवाडात जमेल अशी नोकरी कशी शोधायची

सांगलीत सायकल चालवणं अवघड नाही. राजवाडा चौकातून विश्रामबाग, तिथून मिरज, सगळा रस्ता जवळपास सपाट. साताऱ्यासारखे चढ इथं नाहीत. अवघड आहे ते सायकलवरून उतरल्यावरचं. सायकल लावायची कुठं, भिजलेला शर्ट बदलायचा कुठं, पंक्चर झाल्यामुळं हजेरीचा पंच उशिरा झाला तर पगारातून किती जाणार, आणि साहेब सगळ्यांसमोर "आता एखादी गाडी घे की" म्हणाले तर नुसतं हसायचं का उत्तर द्यायचं. म्हणजे रस्त्यापेक्षा नोकरीची जागा महत्त्वाची. हा लेख त्या जागेबद्दल आहे. नव्यानं सांगलीत आलेल्यांसाठी, आयटीआय किंवा कॉलेज संपवून पहिली नोकरी बघणाऱ्यांसाठी, आणि गाडीचे हप्ते फेडून कंटाळलेल्यांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. अमेरिकेत सायकलस्वारांची एक राष्ट्रीय संघटना आहे, ती कंपन्यांना 'बायसिकल फ्रेंडली बिझनेस' असा दर्जा देते, ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत. तिथला उमेदवार ती यादी बघून अर्ज करू शकतो. आपल्याकडं यादी हातात घेऊन नोकरी शोधायची सोय नाही. आणि ज्या मालकाकडं सायकलवाल्याची खरोखर चांगली सोय असते, त्याला आपण काही विशेष करतोय असं वाटतही नसतं. त्याच्या कारखान्यात वडिलांच्या काळापासून सायकलींसाठी पत्र्याची शेड असते, एवढंच. त्यामुळं "तुमचा सायकलला पाठिंबा आहे का?" असं विचारून काही हाती लागत नाही. बघून ओळखावं लागतं.

आधी अंतर, मग अर्ज

घर ठरलेलं असेल तर घरापासून सुरुवात करा. साध्या सायकलवर, रहदारी आणि सिग्नल धरून, ताशी बारा ते पंधरा किलोमीटर हा माणसाला रोज झेपणारा वेग. जुन्या सांगलीतून मिरजेच्या मध्यापर्यंत साधारण दहा किलोमीटर, म्हणजे पाऊण तास. हे जमतं, पण रोज दोन्ही वेळा, मे महिन्यात आणि ओव्हरटाइम करून आल्यावरही जमेल का, हे स्वतःला विचारा. माझ्या मते अर्ध्या तासाच्या आतली नोकरी सायकलवर वर्षभर टिकते. त्याच्या पुढं गेलात की जुलैपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली दिसते.

कामाचे भाग मोजकेच आहेत. कुपवाड एमआयडीसी आणि मिरज एमआयडीसी: फौंड्री, मशिन शॉप, कापड, खाद्यपदार्थ, आणि बहुतेक काम पाळ्यांचं. मार्केट यार्ड: हळद, बेदाणा, गूळ यांचे अडते, गोदामं, हिशेबनीस. मिरज: दवाखाने आणि त्यांच्या भोवतीचं सगळं, म्हणजे लॅब, औषध दुकानं, नर्सिंग, हाउसकीपिंग. विश्रामबाग आणि शंभरफुटी रोडच्या बाजूनं ऑफिसं, शोरूम, क्लास, बँका. घर अजून ठरायचं असेल तर विश्रामबागेच्या आसपास खोली बघा. भाडं थोडं जास्त पडेल, पण तिथून सांगली, मिरज, कुपवाड तिन्हीकडं सायकल जाते आणि नोकरी बदलली तरी खोली बदलावी लागत नाही.

नकाशावरचं अंतर पुरेसं नसतं. मनातल्या दोन-तीन जागांपर्यंत एकदा सायकलनं जाऊन बघा, आणि तेही कामाच्या दिवशी, पाळी सुरू व्हायच्या वेळेला. रविवारी मिरज रोड फारच गोड वाटतो.

गेटवर उभं राहून काय बघायचं

सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि लोक हीच गाळतात. अर्ज टाकायच्या आधी पाळी सुटायच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगा. पहिली पाळी बऱ्याच ठिकाणी तीनला सुटते, जनरल पाचच्या पुढं. बाहेर पडणाऱ्या माणसांत सायकली किती आणि त्या कुणाच्या, ते बघा. फक्त पन्नाशीपुढचे कामगार सायकलवर असतील तर जागा जुनी आहे, सोय असेल, पण नव्या पोरांना ती कमीपणाची वाटत असणार. तरुणही असतील, एखादी बाईही सायकलवर दिसली, तर तिथं सायकल ही साधी गोष्ट आहे असं समजा. याच्याइतकं खात्रीचं प्रमाणपत्र दुसरं नाही.

मग सायकल स्टँड शोधा. बाहेरून दिसत नसेल तर वॉचमनना विचारा. एमआयडीसीत वॉचमन बहुधा मामा असतात, आणि मामा गप्पिष्ट असतात.

"मामा, हितं सायकली आत घेतात का बाहेर लावायच्या?"

"आत की. त्या झाडाखाली."

"शेड नाही?"

"शेड गाड्यांना. सायकलीला काय व्हतंय!"

दोन मिनिटांत तुम्हाला जे कळलं ते एचआरकडून अर्ध्या तासात कळलं नसतं. शेडमध्ये साहेबांच्या चारचाकी, तिच्या कडेनं मोटारसायकली, आणि सायकली कंपाउंडच्या भिंतीला एकावर एक ढकललेल्या: हे चित्र फार ठिकाणी दिसतं. ते दिसलं म्हणून नोकरी सोडू नका, पण लक्षात ठेवा. पुढं मागायचं काय, ते इथंच कळतं.

सायकलींचे टायरही बघा. बसलेल्या टायरच्या, गंजलेल्या चेनच्या दहा सायकली उभ्या असतील तर तो स्टँड चालू नाही, भंगार आहे. दहांपैकी सहा-सात हवा भरलेल्या, सीटवर प्लास्टिकची पिशवी घातलेल्या, कॅरिअरला डबा बांधायची दोरी अडकवलेल्या दिसल्या, तर माणसं रोज येतात. जवळपास पंक्चरवाला आहे का आणि तो किती वाजेपर्यंत असतो, हेही तिथंच विचारून घ्या. रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीला तो उघडा नसतोच. मग पंप आणि पॅच स्वतःजवळ ठेवावे लागतात.

ऑफिस आणि दुकानांचं गणित वेगळं. विश्रामबागेतल्या व्यापारी संकुलात तळमजल्याची पार्किंग गाळेधारकांत वाटलेली असते. सायकल त्यांच्या हिशेबात नसते, त्यामुळं ती जिन्याखाली जाते किंवा कुणीतरी सरकवून रस्त्यावर काढून ठेवतं. शोरूमवाल्यांना दारासमोर सायकल नको असते, कारण गिऱ्हाईक काय म्हणेल. तिथं मागच्या बाजूला जागा आहे का, तेवढं बघा. मोठ्या दवाखान्यात पार्किंग पुष्कळदा ठेक्यानं दिलेलं असतं. स्टाफच्या सायकलीला पैसे पडतात का, आणि रात्रपाळी करून सकाळी निघेपर्यंत ती जागेवर राहते का, हे तिथल्या नर्सबाईंना विचारा, ठेकेदाराला नको.

माझा अनुभव आणि थोडा पूर्वग्रहही असा, की काचेच्या नव्या ऑफिसपेक्षा जुनी फौंड्री सायकलवाल्याला बरी. तिथं हात धुवायला मोठे नळ असतात, कपडे बदलायला खोली असते, आणि घामाचं कुणाला काही वाटत नाही.

जाहिरातीतली टू-व्हीलर

"स्वतःची टू-व्हीलर आवश्यक" ही ओळ वाचून पुष्कळ जण पान उलटतात. थांबा. ही ओळ दोन कारणांनी लिहिलेली असते. विक्री, वसुली, डिलिव्हरी, सर्व्हिस इंजिनिअर अशी फिरतीची कामं असतील तर ती खरी असते. दिवसभरात जत किंवा विट्याला जाऊन यायचं काम सायकलवर होत नाही. पण अकाउंटंट, स्टोअरकीपर, मशिन ऑपरेटर यांच्या जाहिरातीतही ती ओळ सर्रास घुसवलेली असते. तिथं मालकाला एवढंच म्हणायचं असतं, की रोज वेळेवर या, एसटी चुकली असं सांगू नका.

फोन करून एकच प्रश्न विचारा: "काम फिरतीचं आहे का? का गाडी फक्त येण्याजाण्यासाठी?" येण्याजाण्यासाठी म्हणाले तर तिथंच सांगा, की मी अमुक ठिकाणी राहतो, पंचवीस मिनिटांवर आहे, वेळेवर येईन. सायकल हा शब्द फोनवर काढायची गरज नाही. खोटं बोलू नका, पण प्रत्येक गोष्ट पहिल्या फोनवर सांगितलीच पाहिजे असंही नाही.

राज्य सरकारचं नोकऱ्यांचं महास्वयंम पोर्टल, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती, एमआयडीसीच्या गेटवर खडूनं लिहिलेलं "टर्नर पाहिजेत", सगळे मार्ग वापरा. ठेकेदारामार्फत लागत असाल तर मात्र एक विचारून घ्या, की काम एकाच कंपनीत आहे का आज इथं उद्या तिथं. कुपवाडला म्हणून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात पलूसला पाठवलं, तर सायकलचा बेत तिथंच संपतो.

मुलाखतीत सायकल कधी काढायची

शेवटी. कामाचं, पगाराचं, पाळीचं बोलून झाल्यावर. सुरुवातीलाच सायकलचं काढलंत तर समोरच्याच्या डोक्यात दोनच चित्रं येतात: एक तर याची गाडी घ्यायची ऐपत नाही, नाहीतर हा रविवारी चकचकीत कपडे घालून दंडोबाच्या डोंगरावर सायकल घेऊन जाणाऱ्यांपैकी. दोन्ही चित्रं तुमच्या कामाची नाहीत.

"येण्याची सोय काय?" हा प्रश्न बहुधा येतोच. त्याला सरळ उत्तर द्या: "सायकलनं येणार साहेब. विश्रामबागेतून पंचवीस मिनिटं लागतात, परवा सकाळी येऊन बघितलंय." ही शेवटची चार शब्दांची शेपटी महत्त्वाची. जो माणूस मुलाखतीआधी रस्ता बघून आला, तो उशिरा येणार नाही, एवढं समोरच्याला कळतं. कुणी हसलं तर हसू द्या. याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, आणि ती १९१० मध्ये वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून केली होती. हे मुलाखतीत ऐकवायचं नसतं. आपल्या मनात असलं की पाठ ताठ राहते.

मग तुमची पाळी. फार प्रश्न विचारू नका. पहिला वेळेचा: "लेट मार्कचा नियम कसा आहे?" बऱ्याच ठिकाणी तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस जातो. पाच-दहा मिनिटांची सवलत असेल तर ती सगळ्यांनाच असते, आणि सायकलवाल्याला ती शेडपेक्षा जास्त उपयोगाची. दुसरा कपड्यांचा: "युनिफॉर्म घरून घालून यायचा का इथं बदलायचा? लॉकर मिळतो का?" इथं बिचकायचं कारण नाही. धुण्याची सोय, कामाच्या वेळेत न घालायचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा, याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यात होती आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. सायकलसाठी म्हणून ती केलेली नाही, पण तुम्हाला जे हवंय ते नेमकं तेच आहे. लॉकर असला की सेफ्टी शूज तिथंच ठेवता येतात. ते वजनदार बूट घालून पेडल मारत जाणं ही शिक्षाच.

तिसरा पाळीचा. पाळ्या आठवड्यानं बदलतात का पंधरवड्यानं, आणि अदलाबदल करून मिळते का. सायकलच्या बाजूनं बघितलं तर पहिली पाळी सकाळी स्वर्ग आणि एप्रिल-मेमध्ये तीन वाजता परतताना भट्टी. दुसरी पाळी त्याहून वाईट: जाताना ऊन, येताना रात्री अकराचा अंधार आणि कुत्री. जनरल मिळाली तर देव पावला. बायकांच्या बाबतीत कायदा आणखी एक सांगतो: संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामावर बोलवायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकानं करायची असते. त्या पाळीला कंपनीची गाडी मागा. सायकल दिवसपाळीला आहेच.

आणि एक प्रश्न असा, की ज्याचा सायकलशी वरवर काही संबंध नाही: "२०१९ च्या पुरात कंपनीनं काय केलं?" सांगलीत कुणालाही हा विचारता येतो, तो आगाऊपणाचा वाटत नाही, आणि उत्तरात माणूस दिसतो. "आठ दिवस बंद होतो, पगार दिला," असं म्हणणारा मालक तुमच्या पंक्चरचंही समजून घेईल. "ज्यांना यायचं होतं ते आले," असं म्हणणारा काय समजून घेणार, ते तुम्हीच ठरवा.

उत्तरं ऐकताना एक ध्यानात ठेवा. मोठ्या कंपनीत एचआरच्या मॅडम "हो हो, चालतंय की" म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. पण स्टँड सिक्युरिटीच्या ताब्यात आणि वेळ सुपरवायझरच्या, हे त्यांच्या हातात नसतं. छोट्या कारखान्यात मालक स्वतःच सगळं असतो. तिथं मिळालेला होकार दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. म्हणून, दोन सारख्या नोकऱ्या समोर असतील तर मी छोटी जागा घेईन.

पेट्रोलचे पैसे आणि अपघात

पगाराच्या कागदावर प्रवासभत्ता सगळ्यांना सरसकट असेल तर तो तुम्हालाही मिळतो, सायकलनं या नाहीतर चालत. पण काही ठिकाणी तो पेट्रोलची पावती दाखवल्यावरच देतात. तिथं भांडण्यात फार अर्थ नाही. रुजू होण्याआधीच म्हणा, की माझा भत्ता मूळ पगारात धरा. लागल्यावर मागायला गेलात की तो "नंतर बघू"मध्ये जातो.

दोन नोकऱ्यांच्या पगारात फरक असेल तर हिशेब मांडा. रोज वीस किलोमीटर जाऊन-येऊन, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे ५२० किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस-पन्नास देणारी गाडी धरली तरी अकरा लिटर लागतं, आणि पेट्रोल शंभराच्या वर. अकराशे-बाराशे रुपये तिथंच गेले. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. हजार रुपये जास्त पगाराची पण गाडीशिवाय न जमणारी नोकरी प्रत्यक्षात कमी पगाराची ठरते.

अपघाताचं मात्र नीट समजून घ्या, कारण सायकलवाल्याला वाटतं, गेटच्या बाहेर झालं ते आपलं नशीब. तसं नाही. तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असाल, म्हणजेच दहा किंवा जास्त माणसांची जागा आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत, तर घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात २०१० पासून कामातला अपघात धरला जातो. अट एवढीच, की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामगार भरपाईच्या कायद्यातही हेच तत्त्व लागू केलं. तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला होता: साखर कारखान्यातला वॉचमन पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला.

म्हणून रुजू होताना ईएसआय नंबर मिळाला का, ते पाठपुरावा करून बघा. घराचा पत्ता कंपनीच्या कागदावर खरा लिहा. गावाकडचा पत्ता आणि राहणं सांगलीत, असं असेल तर पुढं अडचण येते. काही झालंच तर दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "कामावर जाताना" हे शब्द आले पाहिजेत, आणि सुपरवायझरला त्याच दिवशी फोन गेला पाहिजे.

लागल्यावर

पहिला महिना काही मागू नका, वेळेवर या. सायकल साधी ठेवा: मडगार्ड, कॅरिअर, भक्कम स्टँड, मागं लाल दिवा, दोन कुलपं. गिअरची महागडी सायकल स्टँडवर लावून दिवसभर तिच्याच काळजीत काम करण्यात मजा नाही. सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, पण "नो हेल्मेट, नो एन्ट्री" असा फलक लावलेल्या गेटवर नवा सिक्युरिटी गार्ड सायकलवाल्यालाही अडवतो. हेल्मेट घातलेलं असलं की वाद मिटतो, शिवाय डोकं आपलंच आहे.

पाना, स्क्रू ड्रायव्हर, पंप बॅगेत असतील तर आत जाताना गेटच्या रजिस्टरला नोंद करा. संध्याकाळी बॅग तपासताना पाना निघाला तर तो तुमचा आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. सोपा उपाय म्हणजे हत्यारं सीटखालच्या पिशवीत ठेवायची आणि मामांना एकदा दाखवून ठेवायची. मामांशी सलगी असणं ही सायकलवाल्याची खरी कमाई. दिवाळीला त्यांना फराळ विसरू नका.

महिन्याभरानं, तुमच्यासारखे आणखी चार-पाच जण ओळखीचे झाले की मागणी करा, आणि ती छोटी व फुकटात होण्यासारखी ठेवा. धोरण, योजना, समिती असले शब्द वापरले की फाइल तयार होते आणि तिथंच राहते. पत्रा मागितला तर पत्रा मिळतो. अर्ज असा लिहिता येईल:

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,

विषय: सायकल स्टँडवर पत्र्याची शेड मिळणेबाबत

महोदय,
आम्ही खाली सह्या करणारे कामगार रोज सायकलने कामावर येतो. सध्या सायकली कंपाउंडच्या भिंतीलगत उघड्यावर लावाव्या लागतात. पावसाने चेन गंजते व उन्हाने टायर तडकतात. त्यामुळे वाटेत बिघाड होऊन कामावर उशीर होतो. स्क्रॅप यार्डमध्ये जुने पत्रे व अँगल पडून आहेत. ते वापरण्यास परवानगी मिळाल्यास मेंटेनन्स विभागाच्या मदतीने सुट्टीच्या दिवशी शेड उभी करण्याची आमची तयारी आहे. तसेच गेटवर हवा भरण्याचा एक पंप ठेवल्यास उपयोग होईल.
कृपया परवानगी मिळावी, ही विनंती.

"कामावर उशीर होतो" हे वाक्य गाळू नका. साहेबांना सायकलची काळजी नसली तरी पंचिंगची असते. अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात द्या. एखाद्या मोटारसायकलवाल्यालाही सही करायला लावलीत तर आणखी बरं.

पाऊस, पूर आणि ऊस

पावसाचा तसा फार बाऊ नको. सांगलीत कोल्हापूरसारखी झड लागत नाही. चांगला रेनकोट, कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि रेनकोट टांगायला लॉकर रूममध्ये एक खिळा. खिळा ठोकायच्या आधी विचारा, एवढंच.

पुराचं वेगळं आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. सांगलीवाडीत किंवा नदीकाठच्या उपनगरात राहून कुपवाडला कामाला जात असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेच्या विसर्गाची बातमी तुमच्या हजेरीची बातमी असते. रुजू झाल्यावर पहिल्याच जूनमध्ये सुपरवायझरना विचारून ठेवा: पातळी वाढली तर रजा कुठली पडणार, आणि पाळी बदलून मिळेल का. पाणी चढल्यावर विचारलंत तर त्यांचाही फोन लागत नाही. मिरजेच्या बाजूला दोन दिवस राहायला एखादा मित्र किंवा मावशी असेल तर सायकल आधीच तिकडं नेऊन ठेवा.

आणि गळीत हंगाम. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, पुष्कळांना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्यांच्या बाजूनं पुढं जायचा प्रयत्न करू नका. ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली आत येते आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. सांडलेल्या पाचटावर ब्रेक लावला की चाक सरकतं. बुधगाव, माधवनगरकडून येणाऱ्यांना हे जास्त. त्या महिन्यांत दुसरी पाळी आली तर बदलून मागा, आणि कारण सरळ सांगा: रात्री अकराला त्या रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात. सांगलीतल्या कुठल्याही सुपरवायझरला याच्यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. पाळी नाहीच बदलली, तर त्या आठवड्यापुरती सायकल घरी ठेवून गाडीवाल्या सोबत्याच्या मागं बसा आणि पेट्रोलचे अर्धे पैसे द्या.